जयूबाईंचा बातमीचा तास

“ज्याच्या घरी आठवडाभरात काहीच घडलं नाही, त्यानं उभं राहून कारण सांगावं.”

दर शनिवारी सकाळी, प्रार्थना संपली की जयूबाई पोतनीस हे वाक्य म्हणत. प्रार्थनेत देवाकडे बुद्धी मागून झालेली असे. देव नेहमीप्रमाणे गप्प असे. त्याचं उत्तर येईपर्यंतच्या मोकळ्या वेळात बाई बातमीचा तास घेत.

उज्जैनमध्ये कार्तिक चौकाच्या मागच्या एका गल्लीत ही मराठी प्राथमिक शाळा होती. इमारत भय्यासाहेब सुभेदारांची. शिंद्यांच्या फौजेमागून जी मराठी घराणी माळव्यात आली आणि मग परत जायचं विसरली, त्यांपैकी हे एक. सुभा केव्हाच गेला होता, आडनाव तेवढं उरलं होतं. भय्यासाहेब शाळेचे अध्यक्ष होते, कारण छप्पर त्यांचं होतं. ज्याचं छप्पर त्याची संस्कृती, असा आमच्या लोकांत त्या काळी समज होता.

बातमीचा तास सुरू झाला तो पुस्तकांमुळे. पुस्तकं पुण्याहून येत. त्यांत समुद्र असे, होड्या असत, नारळाची झाडं असत. मुलं ते सगळं खाली मान घालून वाचत आणि विचारलं की मुकी होत. एका पोरानं एकदा धीर करून विचारलं, “बाई, समुद्र क्षिप्रेच्या पलीकडे आहे का?”

“क्षिप्रेला उन्हाळ्यात स्वतःपुरतं पाणी नसतं,” बाई म्हणाल्या, “ती पलीकडे समुद्र कशाला ठेवील? मिट ते पुस्तक. तुझ्या घरी काल काय झालं ते सांग.”

पोरगा म्हणाला, “काल आमच्या आजोबांनी पंड्याला भगवून दिलं. तो म्हणे, श्राद्धाला गाय द्या, पितर तिची शेपटी धरून वैतरणी तरतात. आजोबा म्हणाले, माझ्या बापाला पोहता येत होतं.”

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “मग पंडा काय म्हणाला?” आणि त्या पोरानं न अडखळता पाच मिनिटं मराठी बोलून दाखवली. तेव्हापासून शनिवारचं पुस्तक बंद झालं.

मुलांची मराठी उज्जैनची होती. तिच्यात कुणी चालला जाई, कुणी येऊन राहिलेला असे, भाजीला सब्जी आणि भांडणाला झगडा म्हणत. बाई मध्ये बोलत नसत. बातमी पुरी होईपर्यंत कुणी कुणाची भाषा सुधारायची नाही, हा वर्गाचा कायदा होता. प्रश्न मात्र विचारायचे. एकीनं सांगितलं, “आमची काकू माहेरी चालली गेली. भांडून नाही, रुसून.”

“फरक काय?”

“भांडून गेली तर काका आणायला जात नाही. रुसून गेली तर जातो.”

“या वेळी गेला?”

“स्टेशनपर्यंत गेला.”

वर्गाच्या खिडकीखाली ओटा होता. मुलांना पोचवायला आलेल्या बायका शनिवारी त्या ओट्यावर बसत. कुणाच्या पायात काटा गेलेला असे, कुणाला उन्हाचं गरगरत असे. एका शनिवारी तर पावसात छत्री उघडून एक जण उन्हाचं गरगरतं म्हणून बसली होती. मुंजी, बदल्या, रुसवे, कोणाचं लग्न मोडलं आणि कोणामुळे मोडलं, हे सगळं मराठी उज्जैनला त्या खिडकीतून कळे. महाकाळाच्या आरतीला चुकलेलं माणूस दुसऱ्या दिवशी जाऊ शके. शनिवार चुकला की चुकला.

जयूबाई उंच होत्या. नऊवारी नेसत आणि बोलताना पाय किंचित फाकवून उभ्या राहत, कुस्तीच्या आखाड्यात पंच उभा राहतो तशा. सकाळी डोळे उघडल्यापासून त्या बोलत. दुधवाल्याशी, तुळशीशी, चुलीशी. त्यांचे यजमान दत्तात्रय जमिनीच्या दफ्तरात कारकून होते. ते बोलत नसत, कारण घरातली ती जागा भरलेली होती. मूल नव्हतं. त्याबद्दल कुणी हळहळलं की बाई म्हणत, “तुमची तीन आहेत ना माझ्या वर्गात? सहा तास मी सांभाळते. एखादं ठेवून घेऊ का कायमचं?” हळहळणारी बाई मुलाचा हात धरून घरी जाई.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टात स्वातंत्र्य आलं ते शुक्रवारी, हे बाईंच्या दृष्टीनं फार सोयीचं झालं. शुक्रवारी शाळेत झेंडावंदन होतं. भय्यासाहेब अध्यक्ष. कोणता झेंडा वर जायचा याबद्दल त्यांची खात्री नव्हती, म्हणून त्यांनी संस्थानाचा आणि देशाचा असे दोन्ही झेंडे मागवून ठेवले होते आणि आयत्या वेळी वारा पाहून ठरवायचं असा त्यांचा बेत होता. पण ते स्वतःच दीड तास उशिरा आले. डोक्याला शिंदेशाही पगडी नव्हती, साधी काळी टोपी होती. लोकांना वाटलं, राज्य गेल्याचं दुःख. काही जणांनी डोळेही पुसले.

शनिवारी भय्यासाहेबांचा पुतण्या जयंत उभा राहिला. “आमच्या काकांच्या पगडीत उंदरीण व्याली. काकांनी पगडी घातली आणि एकदम काढली. एक पिल्लू त्यांच्या कानात जाऊन राहिलं होतं. मग माई म्हणाली, चला, राज्य बुडाल्यावर पगडी कुणाच्या तरी कामी आली.”

माई म्हणजे भय्यासाहेबांची बायको. खिडकीखाली ओट्यावर एवढा मोठा हशा झाला की गल्लीतली गाय उठून गेली.

भय्यासाहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. “जयूबाई, शाळेत हे काय चालू आहे?”

“मराठी चालू आहे.”

“माझ्या पगडीची?”

“उंदरीण मराठी बोलत असती तर तिलाच उभी केली असती. तिच्या वतीनं जयंत बोलला.”

“मी तुम्हाला काढून टाकीन.”

“टाका,” बाई म्हणाल्या. “मग राजवाड्यांची सून खरंच माहेरी गेली की दवाखान्यात, हे तुम्हाला कोण सांगणार?”

भय्यासाहेबांनी उठून दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, “दवाखान्यात?”

“शनिवारी कळेल.”

पुढच्या शनिवारी भय्यासाहेब शाळेचं छप्पर तपासायला आले. ते नेमके खिडकीच्या वरचं छप्पर तपासत. नंतर दर शनिवारी तपासू लागले. उज्जैनमध्ये इतकं तपासलेलं दुसरं छप्पर नसेल. ते तरीही गळत असे.

मग राज्यं वितळू लागली. ग्वाल्हेर गेलं, मध्यभारत आला. मुलांना नकाशा रंगवायला दिला की रंग वाळेपर्यंत सरहद्द हललेली असे. शाळेत खालच्या मजल्यावर हिंदीचे वर्ग भरू लागले आणि मराठीची मुलं कमी होत होत वरच्या एका खोलीत मावली. पहिलीची चौथीजवळ, पाचवीची दुसरीच्या मांडीला मांडी लावून. बाई म्हणत, “रेल्वेच्या डब्यात बसता तसे बसा. कुणी कुठं उतरायचं ते पुढं बघू.”

चौपन्न साली पुण्याहून शरच्चंद्र लिमये आले. बँकेत मोठ्या हुद्द्यावर. नव्या वस्तीत, फ्रीगंजमध्ये टॉवरजवळ त्यांनी बिऱ्हाड केलं आणि उज्जैनची मराठी ऐकून त्यांना पहिल्या आठवड्यात तापच आला. बरे झाल्यावर ते शाळेचे चिटणीस झाले आणि बाईंकडे आले.

“बाई, ‘भगवून दिलं’ हे मराठी नाही.”

“पंडा गेला ना पण?”

“गेला असेल.”

“मग झालं की.”

“असं कसं झालं? मुलांना शुद्ध बोलायला शिकवा.”

“लिमयेसाहेब, शुद्ध बोल म्हटलं की पोर गप्प बसतं. तुमची मुलगी कल्पनाच बघा. उभी राहते, ‘आमच्याकडे सर्व क्षेम आहे’ म्हणते आणि बसते. ती मुलगी आहे का पोस्टकार्ड?”

लिमये घरी जाऊन कल्पनाला रागे भरले की काय कोण जाणे, पण पुढच्या शनिवारी ती आपण होऊन उठली. “आमचे बाबा आरशासमोर भाषण करतात. आई टाळ्या वाजवते. काल आईचं दूध उतू गेलं म्हणून ती टाळ्या वाजवायची राहिली. मग बाबांनी भाषण परत पहिल्यापासून केलं.”

त्यानंतर लिमये मराठीच्या शुद्धतेबद्दल वर्षभर बोलले नाहीत. निदान उज्जैनमध्ये नाही.

छप्पन्नच्या नोव्हेंबरात मध्यभारतही गेला. नवा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला. दफ्तरं बैलगाड्यांवर आणि ट्रकांवर चढली, दफ्तरांमागून कारकून चढले, कारकुनांमागून त्यांच्या बायका, लोणच्याच्या बरण्या, पाळणे. दर शनिवारी बातमी एकच: आम्ही भोपाळला चाललो. वर्गात मुलांना बसायला अंथरलेल्या टाटपट्ट्या एका टोकाकडून उघड्या पडत चालल्या, नदीचं पात्र उघडं पडतं तशा.

एका संध्याकाळी दत्तात्रय पोतनीस घरी आले, चहा प्यायले आणि आपण होऊन बोलले. “माझी बदली झाली.”

“भोपाळ?”

“हो.”

“मग वर्गाचं काय?”

दत्तात्रयांनी बराच विचार केला. “भोपाळलाही पोरं असतील.”

“असतील हो. पण त्यांच्या आज्या कशा आहेत, बाप कसे आहेत, मला काय ठाऊक? पहिलीपासून सुरुवात करू का मी आता?”

“नको,” दत्तात्रय म्हणाले. “तू थांब. मी खोली घेऊन राहीन.”

“जेवणाचं?”

“बघू.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. माणूस जाणार होता आणि तिनं थांबावं म्हणत होता. लग्नाला इतकी वर्षं होऊन एवढी मोठी गोष्ट तो पहिल्यांदा बोलला होता, म्हणून बाईंनी पुन्हा चहा टाकला. ठरलं ते असं: मराठी वर्ग राहिला तर बाई उज्जैनला राहतील. वर्ग बंद झाला तर भोपाळला जाऊन पोळ्या लाटतील.

आणि वर्ग राहील की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं. नव्या राज्याच्या शिक्षणखात्यानं प्रत्येक शाळा नव्यानं तपासायची ठरवली होती. थंडी संपता संपता एक इन्स्पेक्टर येणार, वर्ग पाहणार आणि जुलैपासून मराठीला मंजुरी द्यायची की मुलांना खालच्या हिंदी वर्गात बसवायचं ते लिहून पाठवणार. दत्तात्रय ट्रंक घेऊन पुढं गेले. बाई इन्स्पेक्टरची वाट पाहत मागं राहिल्या.

फेब्रुवारीत इन्स्पेक्टरचं नाव कळलं. पी. एन. जोशी.

भय्यासाहेबांच्या दिवाणखान्यात कमिटी बसली होती. नाव ऐकताच भय्यासाहेबांनी मांडीवर थाप मारली. “जोशी! वाचलो. आपलाच माणूस.”

“पुरुषोत्तम नारायण असणार,” लिमये म्हणाले. “सदाशिव पेठेत याच नावाचे एक आमच्या ओळखीचे आहेत. चेहरा तेजस्वी.”

जयूबाई दाराशी उभ्या होत्या. “जोशी कुठले ते विचारलंत का?”

“कुठले म्हणजे? जोशी ते जोशी.”

“गल्लीच्या तोंडाशी पंचांग विकतात ते पण जोशीच आहेत. रतलामचे. त्यांना तर मराठीचा म येत नाही.”

“बाई, तो पंचांगवाला,” भय्यासाहेब समजावून सांगू लागले. “हा इन्स्पेक्टर. इन्स्पेक्टर झालेला जोशी म्हणजे आपलाच. एवढ्या मोठ्या जागेवर दुसऱ्या कुणाचा जोशी कशाला बसेल?”

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या लोकांना सव्वादोनशे वर्षांत माळवा कळला नव्हता असं नाही. कळला होता. पण हुद्दा दिसला की तो आपल्यातलाच वाटायचा, ही खोड फौजेबरोबर आली होती आणि फौज गेल्यावरही राहिली.

बेत ठरला. स्वागत मराठीत, पद्य मराठीत, जेवायला पुरणपोळी आणि वर्गात बातमीचा तास. फक्त बातम्या लिमये लिहून देणार.

“लिहून दिलेली बातमी कसली?” बाई म्हणाल्या.

“बाई, पाहुण्यासमोर पंडा, काकू आणि उंदीर आणायचे का? वर्ग राहायला हवाय ना तुम्हाला?”

हा प्रश्न भय्यासाहेबांनी विचारला आणि बाई थांबल्या. आयुष्यात त्या फार कमी वेळा थांबल्या होत्या. मग म्हणाल्या, “द्या लिहून.”

लिमयांच्या बातम्या सुंदर होत्या. ‘आमच्याकडे रोज सायंकाळी सर्वजण एकत्र बसून स्तोत्रे म्हणतात.’ ‘माझे आजोबा मला मातृभाषेचे महत्त्व समजावून सांगतात.’ मुलांनी त्या घोकल्या. पुढचे सगळे शनिवार घोकण्यात गेले. मीरा नावाची एक अगदी लहान मुलगी मध्येच हात वर करी, “बाई, मला खरी बातमी सांगायची आहे.” बाई म्हणत, “जोशी जाऊ देत, मग सांग.” मीरा हात खाली घेई. ओट्यावरच्या बायका दोन शनिवार बसल्या, तिसऱ्या शनिवारी त्यांचे काटे आपोआप निघाले. त्या महिन्यात कुणाच्या घरी काय शिजतंय ते उज्जैनमध्ये कुणालाच कळलं नाही. बाईंनाही नाही.

इन्स्पेक्टर टांग्यातून उतरले. चेहरा खरंच तेजस्वी होता आणि तोंडात पान होतं. भय्यासाहेबांनी मराठीत स्वागत केलं. पाहुण्यांनी हनुवटी वर करून, ओठ मिटून, मोठ्या आदरानं मान हलवली. लिमयांनी मराठीत आपली ओळख करून दिली. पाहुण्यांनी मान हलवली. मुलींनी स्वागतपद्य म्हटलं. चौथ्या कडव्याला पाहुण्यांनी डोळे मिटले, पानाच्या तंबाखूनं असेल, पण लिमये भय्यासाहेबांच्या कानाशी लागले, “रसिक आहेत.”

मग वर्ग. भय्यासाहेबांची नात अलका उठली आणि आजोबा तिला मातृभाषेचे महत्त्व कसे समजावतात ते तिनं एका दमात सांगितलं. कल्पना उठली, स्तोत्रे झाली. मीरानं सांगितलं की तिच्या घरी सर्वजण पहाटे उठतात. सगळ्या बातम्या एकही चूक न होता झाल्या. जयूबाई फळ्याशी उभ्या होत्या आणि खाली, टाटपट्टीच्या उसवलेल्या कडेकडे बघत होत्या.

इन्स्पेक्टर उठले. खिडकीशी गेले. बाहेर वाकून ओट्यावर पान थुंकले, रुमालानं तोंड पुसलं आणि प्रसन्न चेहऱ्यानं वळले.

“बहुत सुंदर! बच्चे बड़े होशियार हैं. अब ज़रा ये बता दीजिए कि बोल क्या रहे थे.”

भय्यासाहेबांनी लिमयांकडे पाहिलं.

“आप... मराठी...” लिमये म्हणाले.

“अरे नहीं साहब! हम मंदसौर के हैं. प्रभुलाल नंदलाल जोशी. मराठी का एक अक्षर नहीं आता. मुँह में पान था, टोकना अच्छा नहीं लगा.”

भय्यासाहेबांची हिंदी चांगली होती. ते पुढं होऊन समजावू लागले, की बच्चे अपने घर का समाचार सुना रहे थे, हमारी शाला की ये पुरानी परंपरा है. पुरानी परंपरा म्हणताना त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही.

“वाह! घर का समाचार!” इन्स्पेक्टर खूश होऊन चौथीच्या टाटपट्टीवर मुलांत मांडी घालून बसले. “तो हमें भी सुनाओ भई. हिंदी में सुनाओ. क्या हुआ घर में?”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. हिंदीतल्या बातम्या कुणी लिहून दिल्या नव्हत्या. हिंदीत त्यांच्याजवळ फक्त खऱ्याच होत्या.

अलका उठली. “हमारे आजोबा ने हम सबका नाम मिशन वाले स्कूल में लिखवा दिया. जुलाई से जाएँगे. टाई भी लाए. माई ने पूछा, फिर अपनी शाला? आजोबा बोले, शाला दूसरों के बच्चों के लिए है.”

इन्स्पेक्टर हसले. भय्यासाहेबही हसले, पण उशिरा.

कल्पना उठली. “हमारे बाबा की बदली पूना हो रही है. बाबा ने खुद करवाई. पेढ़े लाए थे. दरवाज़ा बंद करके खाए.”

आता हात भराभर वर होऊ लागले. कितीतरी शनिवारांनी मुलांना बातमी सांगायला मिळत होती. एकाचं कुटुंब भोपाळला चाललं होतं, एकाचं इंदूरला. एकाच्या बापानं सांगितलं होतं, मराठी शिकून पटवारीसुद्धा होता येत नाही. प्रत्येक जण आपलं सांगून झालं की बाईंकडे बघून हसत होता, छान सांगितलं ना, असं.

शेवटी मीरा उभी राहिली. “हमारा नाम नीचे वाली हिंदी क्लास में लिखा दिया है. आई बोली, बाई को मत बताना. बाई को बुरा लगेगा.” मग तिनं बाईंकडे वळून मराठीत विचारलं, “बाई, वाईट वाटलं?”

इन्स्पेक्टर सावकाश उठले. कपड्यांची धूळ झटकली. माणूस भला होता. “सुभेदार साहब, मैं तो लिखने ही वाला था कि मराठी चलती रहे. पर चलेगी किसके लिए? कमरे में बैठेगा कौन?”

“साहब, बच्चे हैं,” भय्यासाहेब म्हणाले. “गप हाँकते हैं. घर-घर की कहानी बना लेते हैं.” मग ते बाईंच्या जवळ आले आणि आवाज उतरवून मराठीत म्हणाले, “जयूबाई, सांगा त्यांना. पोरं खोटं बोलतात म्हणा.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“एवढं एक वाक्य. तुम्ही म्हणालात तर तो ऐकेल, तुम्ही त्यांच्या बाई आहात. मंजुरी येऊ दे. पोरं काय, कुठूनही गोळा करू.”

“वर्ग असायला हवा हो,” लिमये दुसऱ्या बाजूनं म्हणाले. “गावात मराठीचा एक वर्ग आहे, एवढं तरी म्हणता आलं पाहिजे आपल्याला.”

“तुम्हाला इथं राहायचंय ना?” भय्यासाहेब म्हणाले. “मग बोला. एरवी तर थांबत नाही तुम्ही.”

इन्स्पेक्टरना मराठी येत नव्हती, पण काय चाललंय ते त्यांना समजत असावं. ते अवघडून म्हणाले, “क्यों बाईजी? आप ही बताइए. आप जो कहेंगी मैं वही लिख दूँगा. बच्चे झूठ बोल रहे हैं?”

वर्गातली सगळी मुलं जयूबाईंकडे बघत होती. आज पहिल्यांदाच त्यांच्या बातमीवर बाईंनी एकही प्रश्न विचारला नव्हता, म्हणून ती थोडी गोंधळली होती. मीरा अजून उभीच होती. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. मग टाटपट्ट्यांच्या मधून, कुणाच्या पाटीवर पाय पडू नये म्हणून निऱ्या सावरत, त्या दारापर्यंत गेल्या. दारात भय्यासाहेब होते. ते बाजूला सरले. बाईंनी उंबऱ्यावर चपला घातल्या, जिना उतरल्या आणि कुणाशीही एक शब्द न बोलता गल्लीतून निघून गेल्या.